शेवटच्या सलामीची घोडी

उन्हं वर आली तरी लष्करी कंपूच्या मैदानावरचं धुकं हटेना. संस्थान विलीन झालं, पागेचं छप्पर नव्या सरकारच्या कचेरीला गेलं, लोकरी झुली जमा झाल्या. घोडे उघड्यावर खुंट्यांना आले.

मैना घोडी कुडकुडत होती, मधूनच खोकत होती. मानेपाशी शहारा उठायचा, तो थेट शेपटीपर्यंत जायचा. तिच्या अंगावर हिवाळ्याचे केसच नव्हते. जमादार महिपतरावांनी गेल्या महिन्यात ते स्वतःच्या हातानं भादरले होते. महाराजांना शेवटची सलामी. मैना आरशासारखी दिसली पाहिजे.

शेजारी घोड्यांची निगा राखणाऱ्या कान्होजी मोतद्दाराचा भुऱ्या घोडा. केसाळ म्हणून त्याला सलामीतून वगळलं होतं. वाऱ्याकडे पाठ करून तो निवांत गवत चघळत होता.

महिपतरावांच्या पत्नी सुधाताई घरून गोधडी घेऊन आल्या. जुन्या लुगड्यांची, अजून अंथरुणाची ऊब असलेली.

"अहो, घाला तिच्या अंगावर."

"आज फौजेचे साहेब निवड करणार. पसंत पडली तर पलटणीत, नाही तर टांग्याला," महिपतराव म्हणाले. "आणि तू गोधडी घेऊन आलीस? रिसाल्याची घोडी आहे ती, बाळंतीण नव्हे. लोक हसतील."

"हसू देत. थंडी तिला वाजतेय, लोकांना नाही."

"जमादारसाहेब," कान्होजी हळूच म्हणाला, "मी तेव्हाच बोललो होतो, केस राहू द्या."

"तुझ्या त्या अस्वलासारखे?"

"अस्वल तर अस्वल. खोकत तर नाही."

साहेब आले. तरुण, कुठल्याशा लांबच्या मुलखातले. मैनेपाशी थांबून त्यांनी हातमोजा काढला, तिच्या पाठीवर तळवा ठेवला. कातडी थरथरली. तेवढ्यात ती खोकली.

"इसके बाल किसने काटे?"

"मैंने, हुजूर. सलामी थी."

"किसकी?"

प्रश्नात टोमणा नव्हता. त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. महिपतराव मैनेच्या दोरीची गाठ तपासू लागले.

साहेब पुढे सरकले. भुऱ्याच्या दाट केसांत त्यांनी बोटं रुतवली, मान डोलावली.

निवडलेल्या घोड्यांची रांग निघाली. कान्होजी भुऱ्याला घेऊन गेला. जाताना त्यानं जमादारांकडे पाहिलं नाही. सुधाताईंनी काही न विचारता गोधडी मैनेवर टाकली. गोधडी एका बाजूला घसरली, तेव्हा महिपतरावांनी दुसरं टोक ओढून सारखं केलं.

रांग फाटकाशी पोचली. टापांचा ताल कानावर पडताच मैना ताठ झाली. तिनं मान कमानीसारखी वळवली आणि सलामीसाठी शिकवल्याप्रमाणे, डौलात, पुढचं पाऊल उचललं.

खुंट्याची दोरी ताणली गेली.

पाऊल तसंच हवेत राहिलं. ते खाली ठेवायला तिला कुणी सांगितलंच नाही.