खडा

नवऱ्याची पाठ आठवडाभर एकाच जागी दुखत होती. मुतखडाच असणार या धास्तीने मी मनातल्या मनात ऑपरेशनपर्यंत जाऊन आले आणि शेवटी त्याला ओढत नेऊन सोनोग्राफी करून आणली.

"खडाबिडा काही नाही," घरात शिरता शिरता तो म्हणाला, "उगीच जीव खाल्लास माझा."

हे ऐकून आमच्या चौथीतल्या लेकीचा चेहराच पडला. "नाहीये?" म्हणत ती आतल्या खोलीत धावली, त्याच्या बाजूच्या गादीखाली हात घातला आणि अक्रोडाएवढा पांढुरका दगड बाहेर काढला. "आहे की!"

"अगं, हा इथे काय करतोय?" मी ओरडलेच.

"चुनखडक आहे तो. वरून दाब आणि उष्णता मिळाली की त्याचा संगमरवर होतो, बाईंनी सांगितलंय. तुझ्या बाजूला ठेवणार होते, पण तू रात्रभर उठून मला ताप नाही ना ते बघत बसतेस."

नवऱ्याने पाठीवर हात ठेवत विचारलं, "आणि किती दिवस लागतात याला?"

"लाखो वर्षं," ती वैतागून म्हणाली, "त्यात तू रोज उठून ऑफिसला जातोस!"