गळपट्ट्यातला आवाज

माळावरच्या सगळ्या मेंढ्यांच्या गळपट्ट्यांतल्या छोट्या भोंग्यांतून बनाक्काचाच आवाज निघायचा. दुसऱ्या कुणाचं त्या ऐकतच नसत. आज सकाळी तिनं फर्मावलं, "चला गं, खालच्या डोहाला!" डोह कोरडा ठणठणीत होता. कोळेकरांचा कळप तिच्या झऱ्याकडं फिरकू नये, एवढंच तिला हवं होतं.

दुपारी, बनाक्का ज्या पट्ट्यात बोलायची त्यातूनच कोळेकरांची गोदाबाई बोलली, "बनाक्का, इथं चिखलसुदिक नाही. तुझी लेकबी आलीया कळप घेऊन, तुझ्याच आवाजावर. आमच्या कॅनातलं पाणी तिच्या कोकरांना पाजलं. आमची तशीच उभी हायत. आता खरं पाणी कुठंय, सांग बाई."

बनाक्काची मान वर होईना.

"झऱ्याला चला गं," ती पुटपुटली, "कोळेकरांची पुढं."

तिचा तो पडलेला आवाज माळावरच्या प्रत्येक मेंढीनं ऐकला.