दुसरं वाचन

फरशीवर चमचा खणकन पडला आणि घरातली शांतता मोडली. म्हणजे लेक उठली. तिची डॉक्टर आई जागची हलली नाही. मांडीवरच्या लॅपटॉपमध्ये अजून नऊ स्कॅन बाकी होते.

एकशे वीस माणसांची यकृतं, आणि त्यांतल्या पित्ताच्या नळ्या. काळ्या पडद्यावर पांढऱ्या फांद्यांसारख्या दिसणाऱ्या. कुठली फांदी कुठे फुटते, हे माणसागणिक बदलतं. हाच आईच्या प्रबंधाचा विषय. नियम असा, की महिन्याभराने तेच स्कॅन त्याच डॉक्टरने पुन्हा वाचायचे. नावं झाकून, क्रम बदलून, आधीची उत्तरं न बघता. आपलं आपल्याशी किती पटतं, ते कळावं म्हणून.

नवऱ्याशी तिचं पंख्याच्या वेगावरूनही पटत नसे. सासूबाईंशी वार बघून पटे. पण स्वतःशी मात्र शंभर टक्के, याची तिला खात्री होती. इतकी, की ‘दोन्ही वाचनांत पूर्ण एकवाक्यता आढळली’ हे वाक्य तिने आठवड्यापूर्वीच लिहून टाकलं होतं. वाचन तेवढं उरकायचं राहिलं होतं.

नऊ संपले. तिने उत्तरं ताडून पाहिली. अकरा जुळेनात.

तिने आधी तक्त्याला दोष दिला, मग लॅपटॉपला, मग अपुऱ्या झोपेला. दोष द्यायला कोणी उरलं नाही, तेव्हा त्या अकरांची नावं उघडली. सातवं नाव ओळखीचं निघालं.

हा माणूस उद्या सकाळी आपल्या बहिणीला यकृताचा उजवा भाग देणार होता. महिन्यापूर्वी तिनेच ऐटीत रिपोर्ट दिला होता: नळ्यांची रचना नेहमीची. आज, नाव माहीत नसताना, तिनेच लिहिलं होतं: उजवीकडची एक नळी डावीकडच्या नळीला जाऊन मिळते. हे ठाऊक नसताना नेहमीच्या जागी कापलं, तर बहिणीबरोबर भावाच्याही जिवावर बेतलं असतं.

तिने तो स्कॅन तिसऱ्यांदा उघडला. नळी तिथेच होती. अगदी निवांत.

तिने सर्जनना फोन लावला.

“सर, माझा रिपोर्ट चुकलाय. उद्या यकृत देणाऱ्या भावाच्या नळ्या नेहमीच्या नाहीत.”

 “चूक काढली कोणी?”

“मीच.”

“आणि केली?”

“तीही मीच.”

“बरं. म्हणजे घरातल्या घरात मिटलं,” सर म्हणाले. “स्कॅन पाठव. उद्याचं थांबवतो, सगळे मिळून बघू.”

फोन ठेवून तिने वर पाहिलं. लेक चमचा घेऊन दारात उभी होती. तिने सगळं ऐकलं होतं.

“आई, तू चुकलीस?”

“हो गं. पण दुसऱ्यांदा बघितलं ना, म्हणून सापडलं.” तिने लेकीला कुशीत ओढलं. आवाजात ऐट परत यायला लागली होती. “म्हणून नेहमी दोनदा बघावं.”

“दवाखान्यात पण सगळ्यांचे दोनदा बघतेस?”

“छे. तिथे केवढी रांग असते. तिथे एकदाच.”

लेकीने चमचा हनुवटीवर टेकवला.

“मग त्यांच्यातले चुकलेले कोणते?”