लुप्त होण्याची अट

दोरीच्या बाहुल्या नाचवणारे काका लेकीला घेऊन राज्याच्या कला ट्रस्टच्या ऑफिसात गेले. साहेबांनी अर्ज वाचला आणि टेबलावरून परत सरकवला.

"अनुदान लुप्त होत चाललेल्या कलांना आहे. तुमची लेक शिकतेय ना? मग कला ठणठणीत आहे की! उगाच डोकं खाऊ नका."

"म्हणजे कला मरायची वाट बघताय?" काका कडाडले.

साहेबांनी शांतपणे चहाचा घोट घेतला.

शेवटी कंटाळून लेकीनं बाहुल्या खुंटीला टांगल्या आणि औषधाच्या दुकानात नोकरी धरली. तीन वर्षांनी काका पुन्हा आले, एकटेच.

साहेब पहिल्यांदाच हसले.



"अभिनंदन, आता बसलात नियमात! पैसे शिकणाऱ्याच्या नावानं निघतात. तेवढी इथं शिष्याची सही आणा."