गंगेची कावड

नाशिकच्या जकातनाक्यावर नागोशेटनं खांद्यावरची कावड हळूच उतरवली. काशीहून गंगा आणणाऱ्या यात्रेकरूला जकात माफ, म्हणून केशराचा हा व्यापारी भगवी कफनी चढवून आला होता. लाखेनं तोंड बंद केलेल्या दोन्ही गडव्यांत गंगेचा थेंब नव्हता. केशर ठासून भरलं होतं.

शिपायानं ओझ्याला हातही लावला नाही. "महाराज, आईचा जीव गंगेसाठी अडकलाय," तो हात जोडून म्हणाला. "पळीभर द्याल?"

नागोशेटचं तोंड सराईत होतं. "रामेश्वराला वाहायची आहे, बाबा. त्याआधी लाख फोडता येत नाही."

"खरंय. देवाचं मागितलं, चुकलो." शिपायानं कान धरले आणि खाली वाकून नागोशेटच्या पायाखालची माती शेल्याच्या टोकात बांधायला घेतली. "काशीपासून चालत आलेले पाय तुमचे. हीच तिच्या जिभेवर ठेवतो."

"अरे, नको!" नागोशेट पुटपुटला. पुढे काय सांगणार? शिपायाला तो साधूचा नम्रपणाच वाटला.

मागच्या वळणापर्यंत बैलगाडीतून आलेले पाय नागोशेटनं मागे ओढले, तोवर गाठ बसली होती.