पालथा डबा

बाळांनो, कल्पना करा: दिघाशी गावातलं निवांत घर आणि भाताच्या कणगीमागे थरथरणारं कुत्र्याचं एक पिल्लू. दामूनं ते कालच भिवंडीच्या कापड विणायच्या लूम कारखान्यातून आणलं होतं. जन्मही तिथलाच.

"इथं पान हललं तरी ऐकू येतं, मग हे भितंय कशाला?" दामू वैतागला. "भित्रं कुत्रं राखण काय करल? उद्या ड्युटीला जाताना सोडून येतो."

"बाबा, कारखान्यात लय आवाज असतो?" काशीनं विचारलं.

"दिवसरात्र. आमी खुणांनीच बोलतो."

काशीनं रिकामा डबा पालथा घातला आणि लाटण्यानं बडवायला घेतला. खटखट, खटखट. पिल्लू बाहेर आलं आणि तिच्या मांडीला टेकून झोपलं.

सकाळी दामू एकटाच ड्युटीला गेला. काशीनं डबा पुन्हा पालथा घातला, आणि कालच्यापेक्षा थोडा हळू वाजवला.