मेलसाठी कौल

गोदाने फोन गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर उताणा ठेवला नि ग्रामदेवीला हात जोडले.

"तो बाहेर ठेव गो वैनी," काशीराम गुरव म्हणाला.

"बाहेर कसा ठेवू? त्याचाच तर कौल घ्यायचाय."

काशीरामने आयुष्यभर बुरोंडी गावाची गाऱ्हाणी देवीपर्यंत पोचवली होती. हरवलेली म्हैस, अडलेली सोयरीक, वेळेत न परतलेली होडी. फोनमधल्या मेलचं आजवर कोणी विचारलं नव्हतं. त्याने परडी खाली ठेवली नि फोनकडे लांबूनच बघितलं, चावेल की काय अशा भीतीने.

"काय हाय त्यात?"

गोदाने सांगितलं. तिचा विनीत जहाजावर. जाण्याआधी त्याने घरच्या दोन खोल्यांची वेबसाईट केली, पाहुणे यावेत म्हणून, आणि त्याच नावाचा मेलचा पत्ता आईला करून दिला. जहाजावरून फोन लागत नाही. तो लिहितो ते ह्याच पत्त्यावर. "वर्षाने वेबसाईटचं नाव परत नोंदवावं लागतं," निघताना तो म्हणाला होता. "कंपनीचा मेल येईल. तेवढं विसरू नकोस, आई, नाहीतर पत्ता बंद." कुठली कंपनी, हे सांगायला तो विसरला नि विचारायला ती. मागाहून तिने मेल करून विचारलं. त्याचं उत्तर अजून समुद्रातच होतं.

यायचा होता एक मेल. आली जत्रा. जो तो म्हणे, ही शेवटची सूचना. एकाच्या माथ्यावर लाल घड्याळ उलटं पळत होतं. एकाने कळवलं, परदेशातला कोणी तुमचं नाव घ्यायला टपून बसलाय, तुमची हरकत आहे काय? दारात आलेल्याशी दोन शब्द बोलावेत, ह्या सवयीने गोदाने त्याला उत्तर धाडलं: मुलगा जहाजावर आहे, आला की विचारून सांगते, कधी बुरोंडीला आलात तर या.

त्या दिवसापासून ते मेल तिला नावाने हाक मारू लागले. भात उतू जात असताना, मासळी साफ करताना, डोळा लागतोय तोवर. "प्रिय गोदा, आपले नाव कालबाह्य होत आहे." फोन इंग्रजीचं असं मराठी करून द्यायचा. तिला प्रिय म्हणणारं घरात दुसरं कोणी नव्हतंच.

"दापोलीत कॉम्प्युटरवाल्याला दाखवायचंस," काशीराम म्हणाला.

"दाखवलं. म्हणाला, सगळे उडवा काकी. मी म्हटलं, त्यातला एक खरा असला तर? तर म्हणाला, मग नका उडवू."

काशीराम हसला. "पण वैनी, देवीला इंग्रजी कुठं येतं?"

"तुला तरी तुझे मंत्र कुठं कळतात? लाव पाकळ्या."

त्याने ओल्या पाषाणावर दोन बाजूंना दोन पाकळ्या चिकटवल्या. उजवीकडची पडली तर होय, डावीकडची पडली तर नाही. मग त्याचा आवाज बदलला, गाऱ्हाण्याचा झाला.

"आई, गोदाचं पोर पाण्यावर हाय. त्याचा शब्द ज्या वाटेनं घरी येतो, ती वाट बंद व्हायला आलीय. तिनं हे त्यातल्या त्यात बरे वाटणारे तीन निवडून आणलेत. पहिला खरा असंल तर उजवी दे."

गोदाने फोन उचलून पहिला मेल देवीच्या तोंडासमोर धरला.

डावी पडली.

दुसऱ्याला पण डावी, आणि तीही चटकन, जशी देवी कंटाळलेली.

तिसऱ्याला पाकळ्या हलेचनात. देवळाबाहेरून कोणाची तरी मोटारसायकल गेली. उजवीकडच्या पाकळीची कड सुटली होती, खाली थेंब जमला होता. गोदा तिच्याकडे श्वास धरून बघत राहिली.

डावी पडली.

"तिन्ही खोटे!" काशीरामने सुस्कारा सोडला. "सुटलीस की. टाक पुसून."

"सुटते कसली?" फोन उंबऱ्यावर ठेवून गोदा तिथेच मटकन बसली. "खरा अजून यायचाय म्हणजे. आता येईल तो प्रत्येक उघडून बघायचा."

"मंग उघडूच नकोस."

"आणि विनीतचा आला तर? तो पण ह्याच दाराने येतो ना."

काशीरामने समईची वात उगाच पुढे सारली.

दगडावर फोन घुरघुरला, बोटभर सरकला नि उजळला.

"बघ तरी," काशीराम हळूच म्हणाला. "पोराचाच असंल."

गोदाचा हात फोनपर्यंत गेला. तळवा पालथा घालून तिने तो उजेड झाकला.

"आधी पाकळ्या लाव," ती म्हणाली.